केतुराचा मथुशलह आणि दिमोनाचे वाल

दिमोना मागे टाकून पंचवीस नंबरच्या रस्त्याने पूर्वेकडे निघालं की रस्ता वळणं घेत खाली उतरायला लागतो. कान दडपतात, मागच्या सीटवरची मुलं आवंढे गिळत हसतात, आणि अरावा चौकात पोचेपर्यंत आपण समुद्रसपाटीच्या बरेच खाली गेलेलो असतो. तिथे उजवीकडे वळून नव्वद नंबरचा रस्ता धरायचा आणि मग वळायचंच नाही. डाव्या हाताला जॉर्डनमधले अदोमचे डोंगर, उजव्या हाताला नेगेवचे कडे, मधे दगडगोट्यांची सपाट पट्टी आणि तुरळक बाभळी. सकाळी ते डोंगर फिकट जांभळे दिसतात, दुपारी त्यांचा रंगच उडून जातो, संध्याकाळी गेरूने सारवल्यासारखे होतात. ओसाड म्हटलं की आपल्याला माण-खटाव आठवतं. पण माणमध्ये निदान पावसाची वाट तरी बघता येते. इथे वर्षभरात पाऊस पडतो तो ३० मिलिमीटरच्या आसपास. तेवढा रोह्याला जुलैतल्या एका दुपारी पडून जातो.

या पट्टीत मधूनच हिरवे चौकोन येतात. ढोबळी मिरचीची हरितगृहं, खजुराच्या पट्टीने आखल्यासारख्या रांगा. एन याहाव, पारान, याहेल, लोतान अशी नावं मागे पडतात, आणि एलातच्या अलीकडे पन्नासेक किलोमीटरवर केतुरा येतं. अमेरिकेतून आलेल्या तरुण मुलामुलींनी १९७३ साली वसवलेला हा किबुत्झ. १९९६ पासून इथे अरावा इन्स्टिट्यूट आहे. पर्यावरण शिकायला इस्रायली, पॅलेस्टिनी आणि जॉर्डनची मुलं इथे एकत्र राहतात. आम्ही मात्र एका झाडाला भेटायला आलो होतो.

आम्ही म्हणजे मंडळातली तीन कुटुंबं आणि दिमोनाच्या मावशी. यंदाचा, २०२२ चा जानेवारी, तोंडावर मास्क, आणि तू बिश्वातचा आठवडा. शवात महिन्याची पंधरावी तिथी म्हणजे ज्यूंचा झाडांचा नववर्षदिन. या दिवशी रोपं लावायची, सुका मेवा आणि फळं खायची. मावशींच्या बेने इस्रायली घरात मात्र या दिवसाला आणखी एक अर्थ आहे. एलियाहू हन्नबी कोकणात येऊन गेला तो याच दिवशी, अशी त्यांची श्रद्धा. अलिबागजवळ खंडाळे गावात एक खडक आहे; त्यावर नबीच्या घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकांची खूण आहे असं मानतात. तिथे जाऊन मलिदा करायचा. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, केळी, खजूर. मावशी सोळाव्या वर्षी बोटीने इथे आल्या, पण मलिद्याच्या ताटात खजूर कुठल्या बाजूला ठेवायचा हे अजून त्या सुनेला रोह्याच्या मराठीत सांगतात.

'खजूर तर इथलाच ना गं? मग त्याला एवढं बघायला काय जायचं?' असं त्यांनी निघताना विचारलं होतं. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर असं, की इथे आज जो खजूर दिसतो तो बहुतेक इथला नाही. मेजूल मूळ मोरोक्कोचा. बाकीच्या जाती इराक, इजिप्तकडच्या. विसाव्या शतकात त्यांची रोपं बाहेरून आणून लावली. प्राचीन काळी यहूदिया प्रांत खजुराच्या बागांसाठी नावाजलेला होता. रोमन लोकांनी यहूदिया जिंकल्यावर जी नाणी पाडली त्यांवर खजुराच्या झाडाखाली रडत बसलेली बाई आहे, आणि आज आपल्या खिशात खुळखुळणाऱ्या दहा शेकेलच्या नाण्यावरही खजुरीच आहे. मधल्या शतकांत त्या बागा गेल्या आणि ती जातही गेली. उरलं ते नाण्यांवरचं चित्र, आणि मसादासारख्या ठिकाणी खाऊन टाकलेल्या बिया.

मसादा आम्ही आदल्या दिवशी पाहिलं होतं. मृत समुद्राच्या काठावर, पाण्यापासून साडेचारशे मीटर उंच उभा असलेला एकटा डोंगर. वर हेरोद राजाचा किल्ला. रोमन सैन्याने वेढा घातला, आणि ७३-७४ साली किल्ला पडला. त्या वेढ्याची कथा वाचकांना माहीत असेल, मी ती इथे सांगत बसत नाही. १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादीन यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा मातीत खजुराच्या बिया सापडल्या. त्या नोंदवून, पाकिटात घालून ठेवून दिल्या गेल्या. पुढची चाळीस वर्षं त्या बार-इलान विद्यापीठात होत्या. त्या पेरून बघाव्यात असं कुणाच्या मनातही आलं नाही. दोन हजार वर्षांची बी म्हणजे पुरातत्त्वाची वस्तू, बियाणं नव्हे.

ते मनात आलं जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातल्या डॉ. सारा सॅलन यांच्या. औषधी वनस्पतींवर त्यांचं काम. त्यांनी बिया मागितल्या तेव्हा सुरुवातीला अर्थातच नकारघंटा वाजली. शेवटी काही बिया मिळाल्या, आणि त्या घेऊन त्या केतुराला एलेन सोलोवे यांच्याकडे आल्या. सोलोवेबाई किबुत्झच्या पहिल्या पिढीतल्या, वाळवंटात कुठली झाडं तगतील याचे प्रयोग करत आलेल्या. त्यांनी २००५ च्या जानेवारीत, तू बिश्वातच्या सुमारास, तीन बिया भिजवून कुंडीत लावल्या. काही आठवड्यांनी एका कुंडीतली माती फुटली. पहिली पानं रोगट होती, हिरवेपणा कमी, पांढरट ठिपके. मग पुढची पानं बरी आली. मुळाशी चिकटून राहिलेल्या टरफलाच्या तुकड्यांचं कार्बन पद्धतीने वय काढलं. ते निघालं दोन हजार वर्षांच्या घरातलं. रोपाचं नाव ठेवलं मेतुशेलाह; मराठी बायबलातला ९६९ वर्षं जगलेला मथुशलह.

आज तो कुंपणाच्या आत उभा आहे. खरं सांगायचं तर दिसायला साधी खजुरी. शेजारून कुणी न सांगता गेलं तर वळूनही बघणार नाही. संस्थेतल्या एका विद्यार्थिनीने आम्हाला माहिती दिली. मी ती मराठीत मावशींना सांगत होते. २०११ मध्ये त्याला फुलोरा आला तेव्हा कळलं की हे नर झाड आहे, म्हणजे फळ नाही. मग आणखी बिया शोधल्या. मसादा, कुमरान, वादी मकुख इथल्या शेकडो बियांतून धडधाकट निवडून, २०११ ते २०१४ या काळात ३२ पेरल्या. ६ उगवल्या. त्यांत दोन माद्या निघाल्या, युदीत आणि हाना. हानाच्या फुलोऱ्याला मथुशलहाचा पराग लावला, आणि २०२० च्या उन्हाळ्यात हानाला १११ खजूर लागले.

मुलांनी लगेच, ते खजूर कुठे मिळतात, असं विचारलं. मावशींनी दुसरंच विचारलं.

'पहिल्यांदा तीन लावल्या म्हणालीस. बाकीच्या दोन?'

'नाही उगवल्या.'

'मग त्या गेल्याच.'

'गेल्याच.'

त्या काही बोलल्या नाहीत. कुंपणाची जाळी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. ऊन चढलं म्हणून आम्ही सावलीत गेलो तरी त्या तिथेच. त्यांच्या मनात काय चाललं आहे ते मला थोडं ठाऊक होतं, कारण आदल्या रात्री आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला होतो आणि त्यांनी मला एलीत कॉफीचा एक जुना डबा दाखवला होता.

डब्यात राख, आणि राखेत वाल. रोह्याकडचे कडवे वाल. सत्तरच्या दशकात कुणा नातेवाइकाबरोबर खायचे म्हणून आले त्यांतले मूठभर काकांनी घरामागच्या जागेत टोचले, आणि मग दर वर्षी लावत गेले. बिरडं व्हायचं, शेंगा शेजाऱ्यांत वाटल्या जायच्या, आणि जानेवारीत, म्हणजे तिकडे रायगडात पोपटी लावतात त्याच दिवसांत, काका अंगणात मडकं उपडं घालून पोपटी करायचे. भांबुर्डीचा पाला इथे कुठला. दुसराच कसलातरी सुवासिक पाला घालायचे आणि वास तसाच येतो असं म्हणायचे. २०१० च्या हिवाळ्यात त्यांनी शेवटचं बी धरलं. पुढच्या वसंतात ते गेले. मुलगे तेल अवीवकडे, घर सोडून मावशी फ्लॅटमध्ये आल्या. डबा राहिला. त्यात ४१ वाल होते. मी मोजले नाहीत, मावशींना पाठ होतं.

'बाजारात मिळतात की वाल,' असं त्यांच्या सुनेचं म्हणणं. मिळतात. दिमोनात भारतीय वाणसामानाचं दुकान आहे, तिथे वालही असतात. पण त्याच्या बिरड्याला ती चव नाही, हे मावशींचं म्हणणं, आणि त्यात मला तथ्य वाटतं. वालाच्या जाती तालुक्यागणिक बदलतात. अकरा वर्षं डबा का उघडला नाही, याचं कारण मात्र चवीचं नव्हतं. पेरून बघितल्याशिवाय बी जिवंत आहे का ते कळत नाही. आणि पेरलं की ते उरत नाही. न पेरलेले ४१ वाल म्हणजे ४१ जिवंत वाल, असा हिशेब त्यांनी इतकी वर्षं चालवला होता.

परतीच्या वाटेवर, पारानच्या आसपास, त्या अचानक म्हणाल्या, 'त्या बाईने भिजवलं कशात?'

माझं राहुरीच्या कृषी विद्यापीठापासूनचं काम बियाण्याचं, त्यामुळे या प्रश्नाला मी पुढचे ऐंशी किलोमीटर उत्तर देत राहिले. गाडीतल्यांनी सहन केलं, आता वाचकांनी करावं.

नंतरच्या ३२ बियांची कृती त्यांनी छापली आहे. २४ तास पाण्यात. मग ६ तास जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात, आतल्या अंकुराला वाढीची हाक द्यायला. मग ६ तास मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकात, आणि शेवटी १२ तास सेंद्रिय खताच्या पाण्यात. जिब्रेलिक ॲसिड हे नाव भारी वाटलं तरी नाशिक-सांगलीचा द्राक्षबागाईतदार त्याला 'जीए' म्हणतो आणि मणी लांबवण्यासाठी घड त्यात बुडवतो. भाताची रोपं उंच, किडकिडीत वाढवून लोळवणाऱ्या एका बुरशीचा अभ्यास करताना जपानी लोकांच्या ते हाती लागलं. एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये पहिला दुवा दाखवला.

बी रुजताना पाणी तीन टप्प्यांत पितं. सुरुवातीला घटाघटा. मग थांबतं, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. आणि तिसऱ्या टप्प्यात मूळ टरफल फोडतं आणि पुन्हा पाणी ओढायला लागतं. सगळी गंमत मधल्या शांत टप्प्यात आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बियाच्या आत पेशींची आवरणं विरलेली असतात, तेलं खवट झालेली असतात, गुणसूत्रांचे धागे जागोजाग तुटलेले असतात. या टप्प्यात ती डागडुजी होते. प्रायमिंग म्हणजे बियाला त्या टप्प्यापर्यंत आणायचं आणि तिथे जरा रेंगाळू द्यायचं. मूळ बाहेर यायच्या आत थांबवायचं, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. मोड आणणं आणि हे यात फरक एवढाच, की मोड दिसला तर आपण उशीर केला.

गावचं बंद घर उघडण्याचा अनुभव आपल्यातल्या बहुतेकांना आहे. पाच वर्षांनी कुलूप काढलं आणि आल्या आल्या सगळे दिवे, पंखे, नळ एकदम सुरू केले तर फ्यूज तरी उडतो नाहीतर गंजलेला पाइप तरी फुटतो. शहाणा माणूस आधी खिडक्या उघडतो, झाडून घेतो, एकेक बटण दाबून बघतो. जुन्या बियाचंही असंच. विशेषतः वाल, चवळी, घेवडा, मूग यांचं. यांच्या सुक्या डाळिंब्यांत पाणी एकदम घुसलं की आतली जीर्ण आवरणं शिवायला वेळच मिळत नाही. साखर आणि क्षार बाहेर पाझरतात, डाळिंब्यांना चिरा जातात. प्रयोगशाळेत आम्ही भिजवलेल्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. जितकी जास्त, तितकं बी थकलेलं. घरी याला यंत्र लागत नाही. भिजवल्याचं पाणी लवकर गढूळ झालं, वास मारायला लागलं, की समजावं.

मावशींना हे सगळं पटायला वेळ लागला नाही. 'म्हणजे आजाऱ्याला पेला भरून पाणी देऊ नये, चमच्याने द्यावं,' एवढं त्या म्हणाल्या. अडचण दुसरीकडे होती. बिरड्यासाठी आयुष्यभर वाल भिजवलेल्या बाईला मी वाल भिजवू नका म्हणत होते.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे, कारण मथुशलहाच्या बातम्या वाचून लोकांचा गैरसमज होतो. भिजवण्याने मेलेलं बी उठत नाही. केतुराच्या त्या ३२ च्या ३२ बियांवर प्रक्रिया केली होती, तशाच कोरड्या पेरून तुलना केली नव्हती. हाती इतकं मोलाचं बी असताना ती चैन कोण करील? त्यामुळे त्या सहांच्या उगवणीत द्रावणांचा वाटा किती, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. मला विचाराल तर मोठा वाटा मसादाच्या हवेचा आहे. बियाण्याच्या साठवणीचा एक जुना ठोकताळा आहे, हॅरिंग्टन यांचा: बियातला ओलावा एका टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. मृत समुद्राकाठी थंडावा नाही, पण कोरडेपणा असा की बियात जीव लपवायला आणखी काही लागू नये. त्याच बिया रोह्याच्या पावसात दोन हजार काय, दोन वर्षंही टिकल्या नसत्या. म्हणून तर आपल्याकडच्या बायका बी चुलीवरच्या शिंकाळ्यात धुराला ठेवतात, राखेत घोळवतात, मडक्याचं तोंड शेणाने लिंपतात. अकोल्याजवळच्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती गावठी बियाण्याची अशी जपणूक करण्यासाठीच. बेने इस्रायली तर कोकणातले शनवार तेली, तिळाच्या दाण्यात जीव किती आणि तेल किती हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने ओळखणारे. काकांनी वाल राखेत ठेवले ते कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे. रोह्याची राखेची रीत आणि दिमोनाची कोरडी हवा, दोन्ही त्या डब्याला लाभलं होतं. म्हणूनच मला थोडी आशा वाटत होती.

प्रायमिंग हा शब्द शास्त्रात रुळला तो ब्रिटनमधून. नॉटिंगहॅमच्या वॉल्टर हेडेकर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की पाण्यात एक विशिष्ट पदार्थ घालून त्याची ओढ कमी केली तर बी हवं तितकंच पाणी घेतं आणि मधल्या टप्प्यावर थांबून राहतं. मोठ्या कंपन्या ढोबळी मिरची, कांदा, गाजर यांचं महागडं बी असं तयार करून विकतात. अराव्यातल्या हरितगृहांत सगळी रोपं एका उंचीची दिसतात त्यामागे हेही एक कारण असतं. पण मला स्वतःला जास्त आवडतं ते साधं काम. नव्वदच्या दशकात डेव्हिड हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर नुसत्या पाण्याचे प्रयोग केले. हरभरा रात्रभर, साधारण आठ तास भिजवायचा, सकाळी वरचं पाणी सुकवून त्याच दिवशी पेरायचा. खर्च शून्य. उगवण लवकर, एकसारखी, आणि जमिनीतली ओल उडून जायच्या आत मूळ खोल गेलेलं. बी ताजं असल्यामुळे त्या हरभऱ्याला पाण्याची ही घाई सोसते.

आपल्या फ्रिजच्या दारात असलेल्या पुड्यांसाठी म्हणून थोडं. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो, मिरची, कारलं, दुधी. कुणाची आई गेल्या खेपेला देऊन गेलेली, कुणाची पाच वर्षांपूर्वीची. आधी दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवून बघा. दहातून पाच आले तर दुप्पट पेरा, संपलं. टोमॅटो-मिरचीचं बी रात्रभर कोमट पाण्यात, मग सावलीत सुकवून त्याच दिवशी मातीत. कांद्याचं बी जुनं असेल तर आशा धरू नका, त्याचं आयुष्य वर्षा-दोन वर्षांचं. कारल्या-दुधीचं टरफल जाड. कडेला नेलकटरने हलकं टिचवायचं, आतल्या गराला न लावता, आणि मग भिजवायचं. एकदा भिजवून सुकवलेलं बी परत डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. खिडक्या उघडून झाल्या, आता राहायला जायलाच हवं. असं बी पहिल्यापेक्षाही लवकर मरतं. आणि हो, गावाहून येताना बी बॅगेत लपवून आणू नका. वनस्पती संसर्गरोधाचे नियम उगीच केलेले नाहीत. एक कीड पुऱ्या खोऱ्याच्या बागा बसवू शकते.

मार्चच्या सुरुवातीला, थंडी ओसरल्यावर, मावशींचा फोन आला. 'बारा देते,' म्हणाल्या. 'जास्त नाही. आणि माझ्याच घरात करायचं.'

बारांपैकी एकाला भुंग्याचं भोक होतं, तो त्यांनी बदलून दिला. आम्ही एका डब्यात तळाला ओलं फडकं घातलं, त्यावर चहाची गाळणी उलटी ठेवली आणि गाळणीवर वाल. पाण्याला शिवू न देता, नुसत्या दमट हवेत, झाकण लावून दोन दिवस. फ्रिजमध्ये नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. वालाला गार पाण्याचा, गार ओलीचा धसका बसतो. तिसऱ्या दिवशी दमट फडक्याच्या घडीत. तीन दाणे काही केल्या फुगेनात, टणक. त्यांना नखाएवढी टिचकी दिली. मी बैरशेव्याला परतले आणि रोज संध्याकाळी फोन. मी विचारायच्या आत मावशी सांगायच्या, 'काही नाही.' चौथ्या दिवशी दोन दाणे बुळबुळीत होऊन वास मारायला लागले. ते त्यांनी टाकले नाहीत, वेगळ्या बशीत ठेवले. पाचव्या दिवशी म्हणाल्या, 'एकाचं पोट सुटलंय.'

तो आणि त्यामागून आणखी तीन, असे चार वाल नवव्या दिवसापर्यंत मूळ दाखवू लागले. इथे प्रायमिंगचा नियम आम्ही मोडला. सुकवण्याचा प्रश्नच नव्हता, तसेच कुंडीत लावले. चारांतला एक मातीबाहेर आला तो नुसत्या डाळिंब्या घेऊन, मधे शेंडाच नव्हता. म्हाताऱ्या बियात असं होतं, मूळ जगतं आणि वरचा कोंब मेलेला असतो. दोन आठवडे तो तसाच हिरवा उभा होता आणि मग वाळला. उरलेल्या तिघांपैकी एकाची पहिली पानं फिकट, वेडीवाकडी होती. मावशी म्हणाल्या, 'त्या खजुरासारखी,' आणि त्याच कुंडीला जास्त पाणी द्यायला लागल्या. ते मला थांबवावं लागलं.

न उगवलेले आठ मी बरोबर नेऊ का, चिरून बघू का, असं विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. ते त्यांनी खाली इमारतीच्या बागेत, डाळिंबाच्या बुंध्याशी पुरले.

वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाही, त्यामुळे सगळा उन्हाळा नुसता वेल. गॅलरीच्या गजांवरून तो वरच्या मजल्यावर गेला. वरच्या रशियन बाईंनी तक्रार न करता सुतळी बांधून दिली. फिकट पानांचा वेल जुलैत गेला. दोन राहिले. हे लिहिते आहे तेव्हा सप्टेंबरचा तिसरा आठवडा आहे आणि काल मावशींनी फोटो पाठवला: पानांच्या वर आलेला दांडा, त्याला पाच पांढऱ्या कळ्या. खाली त्यांनी लिहिलं आहे, की या वर्षी बिरडं नाही, पोपटी नाही, एक शेंग कुणाला मिळणार नाही, सगळं बी धरायचं आहे. सुनेने चुलीतली राख कुठून आणायची म्हणून विचारलंय. आपल्या मंडळात कुणाकडे अंगणात लाकडावरचा बार्बेक्यू असेल तर कळवा, कोळशाचा नको.